काळ्यावर पांढरं: चिनी शाही जडावाचा लॅकर-फलक कसा पाहावा, कसा जपावा

बीजिंगच्या राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात छिंग घराण्यातल्या छ्येनलोंग बादशहाने स्वतःच्या निवृत्तीसाठी एक बाग आणि तिच्यात लहानमोठ्या इमारती बांधून घेतल्या. काम १७७१ ते १७७६ असं चाललं. तिथल्या एका इमारतीत सोळा फलकांचा एक दुहेरी पडदा होता. प्रत्येक फलकावर एक अर्हत, म्हणजे ज्ञान मिळवलेला बौद्ध भिक्षू: वाढलेल्या भुवया, मोठं नाक, सुरकुतलेलं कपाळ. जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, काळ्या लॅकरची (हे एका झाडाच्या चिकाचं चकचकीत रोगण) आणि आकृती जेड या मौल्यवान दगडाच्या पांढऱ्या जडावातली. पाठीमागे त्याच काळ्यावर सोन्याच्या रंगात फुलंझाडं.

अशा फलकासमोर संग्रहालयात बहुतेक लोक अर्धं मिनिट थांबतात. चित्र दिसतं, ते सुंदर असतं, आणि पाय पुढे निघतात. फलकाची खरी श्रीमंती मात्र चित्राच्या आत आहे, थरांत आणि सांध्यांत, आणि ती दिसायला थोडी पद्धत लागते. ती पद्धत इथे क्रमाने देतो आहे. संग्रहालयात जाणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. मुंबईतल्या जुन्या घरांत चीनच्या व्यापारातून आलेल्या वस्तू अजून आहेत, त्या घरांतल्या मंडळींनी शेवटच्या दोन पायऱ्या जरूर वाचाव्यात.

पायरी १: ‘लाख’ हा शब्द थोडा बाजूला ठेवा

लॅकरला मराठीत आपण सरसकट लाख म्हणतो आणि पहिली गफलत तिथेच होते. आपली लाख किड्याची. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, ती लाख. ती उष्णतेने मऊ होते, गार झाली की पुन्हा कडक होते, स्पिरिटमध्ये विरघळते. सावंतवाडीचं लाखकाम या लाखेचं.

चिनी लॅकर हा झाडाचा चीक आहे. या झाडाचं कूळ आपल्याला चांगलं ठाऊक आहे, कारण आंबा, काजू आणि बिब्बा त्याच कुळातले. बिबा उतणं म्हणजे काय हे ज्याने भोगलंय, त्याला चिनी लॅकर कारागिराच्या हातावर उठणारे फोड वेगळे समजावून सांगायला नकोत. दोन्हींतली दाहक द्रव्यं एकमेकांची जवळची नातेवाईक आहेत. परीट पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करायचे. ती काळी पडायची आणि कितीही धुतली तरी जायची नाही. लॅकरचा स्वभाव तोच: एकदा घट्ट झालं की पाणी, स्पिरिट, सौम्य आम्ल यांना दाद देत नाही.

ते घट्ट होतं तेही निराळ्या रीतीने. आपला रंग वाळतो तो आतलं पातळ द्रव्य उडून गेल्यामुळे. लॅकरला घट्ट व्हायला ओलावा लागतो. चिकात लॅकेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चिकाचे रेणू एकमेकांत गुंफतं, आणि हे काम नीट होतं ते साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रतेत आणि २० ते ३० अंश तापमानात. म्हणून लॅकरच्या कारखान्यात ओलसर, बंद खोली असते आणि थर दिलेला फलक तिच्यात ठेवतात. कोकणातला पावसाळा या चिकाला फार मानवला असता.

आता पुढच्या साऱ्या पायऱ्यांचा पाया. लॅकर मुळात तपकिरी. त्यात काजळी किंवा लोह मिसळलं की गडद काळं होतं. हिंगुळ घातला की लाल, हरताळ घातला की पिवळं, हरताळ आणि नीळ मिळून हिरवं. पांढरं मात्र होत नाही. सफेता घालून पाहिला तर दुधाचा कॉफी-रंग येतो, कारण चिकाचा तपकिरीपणा लपत नाही. पांढरं हवं असेल तर ते बाहेरून आणून बसवावं लागतं: शिंपला, हाड, हस्तिदंत, जेड. जडाव इथे हौसेसाठी आहेच, पण त्या आधी ती या माध्यमाची गरज आहे. फलकासमोर उभे राहाल तेव्हा आधी पांढरं कुठे आहे ते शोधा आणि ते कशाचं आहे हे स्वतःला विचारा.

पायरी २: समोर आहे ते जडावकामच आहे ना?

तीन गोष्टींची हमखास गल्लत होते.

पहिली कोरोमंडल पडद्यांची. बारा पाखांचे, माणसाहून बरेच उंच, एका पाखावरून दुसऱ्यावर सलग चालणारं राजवाड्याचं किंवा बागेचं दृश्य असलेले हे पडदे सतराव्या शतकात युरोपात मोठ्या प्रमाणात गेले. ते बनले चीनमध्ये. वाटेत आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या, म्हणजे कोरोमंडलच्या, युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या बंदरांतून माल पुढे गेला आणि नाव मात्र त्या किनाऱ्याचं पडलं. यातलं बहुतेक काम जडावाचं नसतं. काळा थर कोरून खालचं अस्तर उघडं करतात आणि त्या खळग्यांत रंग भरतात. चिनी नाव क्वानत्साय. ओळखण्याची खूण अशी की आकृती जमिनीपेक्षा किंचित खाली बसलेली असते, तिच्या कडेने काळ्या थराची बारीक भिंत उभी दिसते आणि रंग चकाकत नाही.

दुसरी गल्लत काळ्या लाकडावरच्या शिंपल्याच्या कामाची. दक्षिण चीनमधल्या कँटन बंदरातून मुंबईत आलेल्या खुर्च्या, कपाटं, टेबलं बरीचशी अशी आहेत. शिंपला सरळ लाकडात खाच पाडून बसवलेला असतो. नीट पाहिलं तर लाकडाची नस दिसते. लॅकरच्या जमिनीत नस दिसत नाही, तिच्यात खोली दिसते, विहिरीतल्या स्थिर पाण्यासारखी.

तिसरी गल्लत कोरीव लॅकरची. “शंभर थर दिले होते म्हणे” हे वाक्य जडावाच्या फलकासमोर हमखास ऐकू येतं. शंभर किंवा जास्त थर चढवतात ते कोरीव कामासाठी, कारण तिथे कोरायला जाडी लागते. जडावाच्या फलकाला इतके थर लागत नाहीत. त्याची मेहनत दुसरीकडे खर्ची पडलेली असते.

पायरी ३: आधी कड पाहा, मग पाठ

चित्राकडे नंतर या. काचेच्या पेटीतला फलक असेल तर एका बाजूला जाऊन कड बघा. कुठे ठोकर लागून पापुद्रा उडाला असेल तर ती जागा सर्वांत मोलाची, कारण तिथे फलक आपली घडण स्वतः दाखवतो.

सर्वांत आत लाकूड. ते चांगलं मुरलेलं, फार टणक नसलेलं, सांधे घट्ट जुळवलेलं. त्यावर कच्च्या चिकाचा हात, म्हणजे लाकूड पुढे ओलावा पिणार नाही. त्यावर अंबाडी-तागाच्या जातीच्या धाग्याचं विणलेलं कापड, चीक आणि पीठ यांच्या लगद्यात बुडवून ताणून चिकटवलेलं. हे कापड लाकडाच्या फुगण्या-आकसण्याला आणि वरच्या थरांना वेगळं ठेवतं. कडेला धाग्यांची जाळी दिसली तर समजा कारागिराने पाया चुकवलेला नाही.

कापडावर अस्तर. कच्च्या चिकात विटेची भुकटी, भाजलेल्या हाडाची किंवा सांबरशिंगाची राख मिसळून केलेला हा लुकण. आधी जाडाभरडा, मग मध्यम, मग अगदी मऊ. प्रत्येक थर घट्ट झाला की दगडाने घासून सपाट. स्वस्त कामात चिकाऐवजी डुकराचं रक्त आणि टुंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल वापरत. असं अस्तर ठिसूळ असतं, पुढे भुसभुशीत होऊन सुटतं. बाजारासाठी केलेल्या फलकांची आज जी दुर्दशा दिसते तिचं मोठं कारण हे.

अस्तरावर काळं लॅकर, पातळ पातळ हातांत. प्रत्येक हातानंतर ओलसर खोली, मग घासणं, मग पुढचा हात. जाड थर दिला तर वरचं आधी घट्ट होतं, आतलं ओलं राहतं आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. म्हणून घाई करताच येत नाही.

हे ज्ञान बहुतेक हाताकडून हाताकडे गेलं. लिहिलेलं जुनं साधन एकच शिल्लक आहे: ‘श्यूशिलू’. ह्वांग छंग या कारागिराने ते सोळाव्या शतकात लिहिलं आणि १६२५ मध्ये यांग मिंग या दुसऱ्या कारागिराने त्यावर टीपा जोडल्या. दोन भाग, अठरा प्रकरणं, १८६ नोंदी. चीनमध्ये ते नजरेआड झालं होतं, जपानमध्ये एका हस्तलिखिताच्या रूपात टिकलं आणि १९२७ मध्ये चीनमध्ये पुन्हा छापलं गेलं. हाताने काम करणाऱ्यानेच लिहिलेलं असल्यामुळे त्यात कोणती चूक कशामुळे होते, हेही नोंदलेलं आहे.

पाठीकडे जाता आलं तर जाच. चांगल्या फलकाला पाठीमागेही लॅकरचे थर दिलेले असतात. एकाच बाजूला थर दिले तर लाकूड दोन बाजूंनी सारखा ओलावा घेत नाही आणि फलक वाकतो. छ्येनलोंगच्या सोळा फलकांच्या पाठीवर फुलंझाडं आहेत. राजवाड्यात मागची बाजूही मोकळी सोडलेली नव्हती.

पायरी ४: तिरका उजेड आणि चालते पाय

आता चित्रासमोर या, पण एका जागी उभे राहू नका. डावीकडून उजवीकडे हळू चाला, मग गुडघ्यात वाकून पुन्हा एकदा. जडावाचे मुख्य तीन प्रकार आहेत आणि तिन्ही या हालचालीतच वेगळे कळतात.

जाड शिंपला. मोत्याच्या शिंपल्याचा जाड तुकडा करवतीने कापून आकार द्यायचा, अस्तराला चिकटवायचा, त्याच्या भोवती लॅकर भरत भरत पातळी वर आणायची आणि शेवटी सगळं एकसारखं घासून शिंपल्याचं तोंड उघडं करायचं. मग त्याच्यावर टोकदार हत्याराने बारीक रेघा ओढायच्या, पानाच्या शिरा, पिसं, कपड्याच्या चुण्या, आणि त्या रेघांत काळं भरायचं. हा प्रकार दुधी, शांत चमकतो. जपानमधल्या नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली तांग घराण्याच्या कलेची शिंपलाजडित वाद्यं आणि आरसे जपलेले आहेत. हे काम तेव्हाच किती पुढे गेलं होतं ते त्यांवरून कळतं.

पातळ शिंपला. अबालोनीसारखे रंगीत शिंपले भिजवून, घासून कागदाइतके पातळ करतात. इतक्या पातळ पापुद्र्यातून खालचा काळा रंग वर डोकावतो आणि हिरवा, निळा, जांभळा, गुलाबी गडद होऊन उमटतो. कधी पापुद्र्याखाली सोन्याचा किंवा चांदीचा वर्ख ठेवतात. चालताना आकाश निळ्यावरून हिरव्यावर गेलं, छपराची कौलं गुलाबी झाली, तर समोर पातळ शिंपला आहे. बीजिंगमध्ये उत्खननात मिळालेल्या युआन काळातल्या (१२७१–१३६८) एका तबकाच्या तुकड्यावर चंद्रावरचा राजवाडा याच तंत्रात आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात कौलांचे, खांबांचे, ढगांचे रंग वेगळे करण्यासाठी शिंपल्याच्या वेगवेगळ्या रंगांचे तुकडे निवडलेले त्यात दिसतात. मिंग घराण्याच्या अखेरीस आणि छिंग घराण्याच्या सुरुवातीला, म्हणजे सतराव्या शतकात, ज्यांग छ्येनली या कारागिराने यात मोठं नाव कमावलं. इतकं, की नंतरच्या कित्येकांनी आपल्या कामावर त्याचं नाव घातलं. म्हणून ते नाव दिसलं की किंमत ठरवू नका, काम बघा.

तिसरा प्रकार मला सर्वांत समृद्ध वाटतो: बाइबाओछ्येन, शंभर रत्नांचा जडाव. सोळाव्या शतकात यांगझोऊ शहरात झोऊ आडनावाच्या कारागिराने तो नावारूपाला आणला, म्हणून त्याला ‘झोऊ पद्धत’ असंही म्हणत. जेड, पोवळं, लाजवर्द, मॅलाकाइट हा हिरवा दगड, पिरोजा, अकीक, शंखजिरे, अंबर, कासवाचं कवच, हस्तिदंत, शिंपला असं काहीही यात येतं. प्रत्येक तुकडा आधी स्वतंत्र कोरतात. मग लॅकरमध्ये त्याच्या बुडाच्या मापाची खोबण पाडतात आणि सरसाने किंवा लॅकरच्या लुकणाने तो बसवतात. शिंपल्याचं काम जमिनीशी सपाट असतं, हे जमिनीतून वर उठतं. फुलाची पाकळी वळते, तिच्या खाली खरी सावली पडते.

इथे दगडाची निवड वाचायला शिका. चांगला कारागीर रंग नुसता जुळवत नाही, दगडातला दोषही कामाला लावतो. अकीकाच्या तपकिरी पट्ट्यात खोडाची साल, मॅलाकाइटच्या रेघांत खडकाचे थर, जेडच्या पिवळट डागात पिकलेलं पान. एखाद्या फलकात असं एक जरी पान सापडलं तर तिथे पाच मिनिटं थांबा.

पायरी ५: भिंग

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग पुरतं. वस्तूला हात लावायची परवानगी नसेल तर काचेबाहेरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करूनही बरंच दिसतं.

शिंपल्यात वाढीच्या सूक्ष्म लहरी असतात आणि त्या दोन तुकड्यांत सारख्या नसतात. प्लास्टिकच्या नकलेत चमक ठरावीक अंतराने तशीच पुन्हा येते. हाडावर बारीक काळे ठिपके किंवा छोट्या रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हस्तिदंतात ते ठिपके नसतात आणि आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघा दिसतात. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो खुणेचा डाग कायमचा राहतो.

मग सांधा पाहा. तुकडा आणि लॅकर यांच्यामध्ये केसाएवढीही फट नसेल आणि लॅकर कडेला सरळ भिडलेलं असेल तर काम पहिल्या हातचं. कडेला चिकट पदार्थाची किनार बाहेर आलेली दिसली तर तो तुकडा नंतर कुणीतरी परत बसवलेला आहे.

विसाव्या शतकातले काही फलक खऱ्या चिकाचे नसतात. जपानमध्ये काजूच्या टरफलाच्या तेलापासून लॅकरसारखं रोगण तयार झालं आणि ते पुष्कळ वापरलं गेलं. काजू त्याच कुळातला, त्यामुळे नातं जवळचं. पण ओलावा नको, दिवस मोजायला नकोत, वाळतं लवकर.

पायरी ६: चित्राचा अर्थ उच्चारात शोधा

चिनी शाही फलकांवरचं चित्र पुष्कळदा ऐकायचं असतं. वटवाघूळ म्हणजे फू, आणि सौभाग्यही फू. हरीण लू, आणि सरकारी वेतनही लू. फुलदाणी म्हणजे पिंग, शांती हाही पिंग. हत्तीच्या पाठीवर फुलदाणी असेल तर अर्थ होतो: राज्यात शांतता नांदते आहे. मासा म्हणजे यू, आणि शिल्लक, भरभराट हाही यू. पीच फळ दीर्घायुष्याचं. आपल्याकडे श्लेष कवितेत ऐकायची सवय आहे, तिथे तो दगडात कोरलेला सापडतो. म्हणून फलकावर सुट्या वस्तू मांडलेल्या दिसल्या, फुलदाणी, धूपदान, पुस्तकांची चळत, लिंबाच्या जातीचं फळ, तर ‘शोभेची मांडणी’ म्हणून सोडू नका. नावं विचारा, मोठ्याने उच्चारा.

सोळा अर्हतांच्या फलकांना आणखी एक पदर आहे आणि तो आपल्या फार जवळचा. मूळ चित्रं ग्वानश्यू या भिक्षू-चित्रकाराच्या (८३२–९१२) नावाने प्रसिद्ध. १७५७ च्या दक्षिण दौऱ्यात छ्येनलोंगने ती हांगझोऊच्या एका मठात पाहिली आणि तो त्यांनी भारावला. पुढे ती दगडावर कोरली गेली आणि दगडावरून शाईचे ठसे घेतले गेले. ठशात जमीन काळी येते आणि कोरलेली रेघ पांढरी राहते. फलकांवर काळं लॅकर आणि पांढरं जेड का, याचं उत्तर इथे आहे: ते त्या ठशाचं रूप दगड आणि चिकात पुन्हा घडवतात. लॅकरला न साधणारा पांढरा रंग इथे चित्राचा विषय होऊन बसला आहे. आणि ज्यांची ही चित्रं, त्यांची नावं पिंडोल भारद्वाज, राहुल, नागसेन, पंथक. चिनी चित्रकाराने ते परदेशी, भारतीय चेहऱ्याचे काढले. मोठं नाक आणि दाट भुवया त्यासाठी. बीजिंगच्या राजवाड्यातल्या त्या काळ्या फलकांवर आपल्याकडच्या भिक्षूंचे चेहरे आहेत, हे कळल्यापासून मला ते फलक परके वाटलेले नाहीत.

पायरी ७: शाही की बाजारातला?

या पायरीवर सावध राहा. ‘शाही’ हा शब्द विक्रेते फार सढळ हाताने वापरतात.

मिंग काळात योंगल बादशहाच्या कारकिर्दीत (१४०३–१४२४) बीजिंगमध्ये ‘फळबाग कारखाना’ नावाने ओळखला जाणारा दरबारी लॅकर-कारखाना होता. छिंग काळात राजवाड्याच्या आत झाओबानचू, म्हणजे दरबारी कारखाने होते. बादशहाच्या हुकमांची त्यांत लेखी नोंद राहायची. आधी कागदावर किंवा लाकडात नमुना करून दाखवायचा, मंजुरी आली की काम, पसंत पडलं नाही तर फेरबदल. जडावाचं पुष्कळसं काम यांगझोऊ आणि सूझोऊकडे पाठवलं जाई. तेव्हा ‘शाही’ म्हणजे राजवाड्याच्या भिंतीआड बनलेलं, असंच नाही.

खुणा कोणत्या? पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा. पण हीही खूण आंधळेपणाने धरू नका. काही कोरीव लॅकरच्या वस्तूंवर पाचवं नख नंतर खरवडून काढलेलं आढळतं, वस्तू राजवाड्याबाहेर गेली म्हणून. बादशहाची कविता जडवलेली असेल आणि शेवटी ‘सेवक अमुक याने आदरपूर्वक लिहिलं’ अशी सही असेल तर ती दरबारी रीत. चौकट झितान लाकडाची असणं हेही महत्त्वाचं. हे जांभळट, जड, गुळगुळीत लाकूड म्हणजे दक्षिण भारतातलं रक्तचंदन, असं सहसा मानलं जातं. छ्येनलोंगच्या त्या सोळा फलकांच्या चौकटी झितानच्याच आहेत. एका खुणेवर निकाल देऊ नका. अस्तर, सांधा, दगडाची निवड, चौकट आणि पाठ या पाचही गोष्टी एकच सांगत असतील तरच पुढे जा.

पायरी ८: तडे वाचा

जुन्या लॅकरला तडे जातात, आणि चिनी रसिकांनी त्यांना नावं दिली आहेत: सापाच्या पोटासारखे समांतर, गाईच्या केसांसारखे बारीक, आणि फार जुन्या वस्तूंवर क्वचित दिसणारे प्लमच्या फुलासारखे. खरा तडा खालच्या अस्तरापासून वर येतो, कमी-जास्त खोल असतो, लाकडाच्या दिशेशी त्याचा काही संबंध दिसतो. उष्णता देऊन आणलेले खोटे तडे उथळ आणि सगळीकडे सारखे असतात.

जडावाच्या कडेने गेलेला तडा वेगळा वाचायचा. लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. जेड आणि शिंपला जागचे हलत नाहीत. ओढाताण नेमकी सांध्यावर येते, आधी केसासारखी फट, मग तुकडा सैल, मग एके दिवशी तो खाली. छ्येनलोंगच्या बागेतल्या इमारती विसाव्या शतकात दीर्घकाळ बंद होत्या, तिथे हेच झालं. बीजिंगच्या पॅलेस म्युझियमने जागतिक वारसा जपणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडासोबत तिथलं काम हाती घेतलं. बागेतलं ज्वानछिनझाय हे दालन २००८ मध्ये पूर्ववत झालं. २०१०–११ मध्ये बागेतल्या निवडक वस्तू अमेरिकेत तीन संग्रहालयांत दाखवल्या गेल्या.

पायरी ९: घरी असा फलक असेल तर

एका ओळखीच्या घरात दिवाणखान्यात चिनी जडावाचा फलक होता. वर्षानुवर्षं दर आठवड्याला तो ओल्या फडक्याने पुसला जायचा, प्रेमाने. खिडकीतून दुपारचं ऊन त्याच्यावर यायचं. एका वर्षी पांढरट ढग उमटले आणि पोवळ्याचं एक फूल फडक्याबरोबर निघून आलं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिला शत्रू ऊन. घट्ट झालेलं लॅकर पाण्याला जुमानत नाही हे खरं, पण उन्हातले अतिनील किरण त्याचा वरचा थर हळूहळू तोडतात. चकाकी जाते, करडेपणा येतो, आणि मग तोच थर पाणी पिऊ लागतो, बोटांचा घामही त्याच्यावर डाग पाडतो. फलक खिडकीसमोर नको, छोट्या प्रखर दिव्याखालीही नको.

दुसरा शत्रू ओलाव्यातला चढउतार. मुंबईत जुलैत हवा चिंब असते. त्यात रात्री एसी आठ तास आणि दिवसा खिडक्या उघड्या, असं झालं की लाकूड रोज श्वास घेतल्यासारखं हलतं. फलक अशा खोलीत ठेवा जिथे एसी नाही किंवा जिथे तो सलग चालतो. सुमारे ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रता चांगली. खोलीत साधा आर्द्रतामापक ठेवा. बाहेरच्या भिंतीवर, जिला पावसाळ्यात ओल येते, तिथे फलक टांगू नका. टांगायचाच तर मागे बोटभर जागा सोडा.

स्वच्छता: फडकं वर्ज्य. कोरडं फडकंही वर उठलेल्या पाकळीत अडकतं. मऊ केसांचा, धातूची पट्टी नसलेला रुंद ब्रश घ्या आणि धूळ हलकेच बाजूला ओढा. खोलगट जागी रबरी फुग्याने हवा मारा. फर्निचर पॉलिश, खोबरेल तेल, मेण, लिंबू, स्पिरिट यांतलं काही नको. तेल फटींत जातं आणि पुढे कुणालाही तुकडा नीट चिकटवता येत नाही. हाताळताना नायट्रिलचे मोजे घाला. सुती मोज्यांचे धागे जडावात अडकतात.

तुकडा पडला तर घरातला झटपट गोंद लावू नका. पडलेल्या जागेचा फोटो काढा, तुकडा मऊ कागदात गुंडाळून पाकिटात घाला, पाकिटावर तारीख आणि फलकावरची जागा लिहा. जमिनीवरची धूळ झाडण्याआधी चाळून पाहा, जेडचा तांदळाएवढा दाणाही परत बसवता येतो. मग संवर्धकाकडे जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे, निदान योग्य दिशा तिथे विचारता येईल. याच संग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तूही आहेत. वरच्या पायऱ्यांचा सराव करायला ती दालनं चांगली.

कायद्याचंही थोडं. फलकात हस्तिदंत असेल तर त्याची खरेदी-विक्री वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली बेकायदा आहे. कासवाचं कवच आणि पोवळं असलेल्या वस्तूंच्या बाबतीतही आधी विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूंच्या कायद्याखाली येते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मुलांकडे आजीचा फलक पाठवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा.

आणि एक सवय लावून घ्या. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि दिवाळीनंतर, खोलीतले दिवे घालवून फलकाच्या एका बाजूने टॉर्चचा तिरका उजेड टाका आणि त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. एखाद्या पाकळीच्या कडेला मे महिन्यात नसलेली सावली नोव्हेंबरच्या फोटोत दिसली, तर तो तुकडा सुटायला लागला आहे. तो अजून जागेवर आहे तोवरच संवर्धकाला फोन करा.